पदवी, पगार आणि पागडीची खोली



चिंचपोकळीच्या चाळींतून चित्रकलेत हात असलेली मुले पूर्वीही निघत, आजही निघतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायच्या, गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या सजावटीसाठी रात्री जागवायच्या आणि बारावीनंतर डिझाइन शिकायचे ठरवायचे, हे या वस्तीला नवे नाही. नवे आहे ते कर्ज. खाजगी संस्थेचे चार वर्षांचे शुल्क कामगार कुटुंबाच्या कमाईतून निघत नाही. म्हणून बाप बँकेत जातो आणि मुलाबरोबर सहकर्जदार म्हणून सही करतो. ही सही करण्यापूर्वी हिशेब कसा मांडावा, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावयास हवा.

उदाहरणादाखल 10 लाखांचे कर्ज घ्या. दर वर्षाच्या आरंभी अडीच लाख उचलले आणि व्याज 10 टक्के धरले. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र थांबत नाही. सरळ व्याजानेही या काळात साडेतीन लाख चढतात. साडेतेरा लाख 10 वर्षांत फेडायचे तर हप्ता दरमहा सुमारे 17,800 रुपये, आणि एकूण भरणा 21 लाखांच्या वर. मुदत 15 वर्षे केली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो, पण भरणा 26 लाखांवर जातो. बँकेतला अधिकारी ‘हप्ता कमी करून देतो’ म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच.

आता मिळकतीची बाजू. माहितीपत्रकात ‘सरासरी पगार’ ठळक छापलेला असतो. समजा, दहा पदवीधरांपैकी नऊ जणांना 25 हजार आणि एकाला सव्वा लाख मिळतात. सरासरी निघते 35 हजार, आणि दहांतल्या एकालाही 35 हजार मिळत नाहीत! ज्यांना नोकरीच लागली नाही त्यांना या सरासरीत धरले आहे की नाही, हे पत्रक सांगत नाही. विचारायचा तो मधल्या पदवीधराचा पगार, आणि खरे तर तळच्या तिसऱ्या हिश्शाचा; कारण 25 हजारांतून 17,800 वजा जाता जे सव्वासात हजार उरतात त्यांत मुंबईत कसे राहायचे, हा प्रश्न त्यालाच पडणार आहे. शिवाय या धंद्यात पुष्कळांना कंत्राटावर किंवा सुट्या कामांवर राबावे लागते. काम दोन महिने असते, दोन महिने नसते. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो.

हा भार पूर्वी कोण उचलीत असे? सर ज. जी. कला विद्यालय 1857 साली निघाले ते सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीवर, आणि पुढे ते सरकारी खर्चाने चालले. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (1961) आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र (1969) हीसुद्धा सार्वजनिक पैशाची फळे होत. गिरण्यांत नवखा माणूस कसब कामावरच शिके. त्यासाठी त्याला बँकेकडे जावे लागत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, विणकाम खात्यात दलित कामगाराला शिरकाव नव्हता हे विसरता येत नाही. पण शिकवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा समाज आणि उद्योग उचलीत होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि कामगाराच्या मुलाला शिकण्याचा सगळा धोका स्वतःच्या शिरावर घेणे आले.

तारणाचा प्रश्न तर याहून बिकट आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सामान्यतः तारण लागत नाही; त्यापुढे बँका ते मागतात. लालबाग-चिंचपोकळीतील पागडीची खोली तीन पिढ्या वापरात असली तरी मालकीची नसते, म्हणून ती तारण चालत नाही. मग नजर वळते रत्नागिरी-साताऱ्याकडील जमिनीच्या तुकड्याकडे, किंवा आईच्या अंगावरच्या सोन्याकडे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते, परंतु गुणवत्ता क्रमवारीतून निवडलेल्या संस्थांपुरतीच. आरंभी त्या 860 होत्या. गल्लोगल्ली निघालेल्या डिझाइन महाविद्यालयांना ती लागू असेलच असे नाही. आयकरातील सवलतीची गोष्ट आणखी गमतीची. जुन्या करप्रणालीत शिक्षणकर्जाचे व्याज आठ वर्षे वजा करता येते. पण ज्याला 25 हजार पगार आहे त्याला मुळात करच लागत नाही. सवलत घेणार तो सव्वा लाखवाला.

ऑस्ट्रेलियाने 1989 पासून निराळी रीत धरली आहे. उत्पन्न ठराविक मर्यादेखाली असेतो फेड सुरू होत नाही. ती मर्यादेपुढे आणि मिळकतीच्या प्रमाणात होते. धंद्यात मंदी आली तर तोटा सरकारही सोसते. आपल्याकडे तो सगळा बापाच्या सहीवर येतो. अशा फेडीची मागणी पक्षाने लावून धरावी, आणि तिच्या आधी सरकारी कलासंस्थांतील जागा वाढवण्याची. कारण जिथे शुल्कच माफक आहे तिथे कर्जाचा प्रश्न निम्मा सुटतो.

मागण्या मान्य होईपर्यंत प्रवेशाचा हंगाम काही थांबत नाही. शाखेत मदतीला बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्याआधी पालकांना चार गोष्टी लेखी आणायला सांगाव्यात: चारही वर्षांचे शुल्क, संगणक-साहित्याचा खर्च, मागल्या तुकडीतील मधल्या पदवीधराचा पगार, आणि पहिल्या हप्त्याची तारीख. ती तारीख बापाच्या निवृत्तीच्या तारखेशेजारी लिहून पाहावी.