मुका सोबती

न्यूयॉर्क येथें बोरिस लेव्हिन्सन नांवाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. भेटीच्या वेळीं आपला कुत्रा जिंगल्स यास खोलीबाहेर ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता असे. एकदां एक अबोल, माणसांस टाळणारा मुलगा नेमल्या वेळेआधींच आला. जिंगल्स धांवत जाऊन त्याला चाटूं लागला, आणि मुलानें त्याला जवळ घेतलें. पुढें कुत्र्याशीं खेळावयास म्हणून तो येत राहिला व हळूहळू लेव्हिन्सनांशींही मोकळा झाला.

१९६१ सालीं लेव्हिन्सनांनीं हा अनुभव मानसशास्त्रज्ञांच्या सभेंत सांगितला, तेव्हां कित्येकांनीं थट्टाच केली. आज इस्पितळांत, वृद्धाश्रमांत मुद्दाम शिकविलेले कुत्रे नेतात.

कुत्रा प्रश्न विचारीत नाहीं, चुका काढीत नाहीं. एवढ्यानेंच भ्यालेलें मन सैलावतें. पुढील उपचार मात्र माणसानेंच करावयाचा असतो.