एकच सॉफ्टवेअर, अनेक प्रयोगशाळा

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, तेव्हा शोधयंत्रात कणांचा वर्षाव होतो. तो नेमका कसा उमटेल, हे आधी संगणकावर घडवून पाहावं लागतं. प्रत्येक कण पावलापावलानं पुढे न्यायचा. लोखंडात, शिशात तो किती ऊर्जा गमावेल, कुठे वळेल, कोणते नवे कण जन्माला घालेल, हे संभाव्यतेच्या नियमांनी ठरवत जायचं. प्रत्यक्षात निमिषार्धात संपणारी एक टक्कर अशी उभी करायला संगणकाला कित्येक सेकंद, कधी मिनिटंही लागतात.

हे काम करतं 'जिआंट-फोर' हे सॉफ्टवेअर. १९९३ मध्ये सर्न आणि जपानची केईके प्रयोगशाळा फोरट्रान भाषेतल्या जुन्या प्रणालीच्या पुढे कसं जायचं, याचा वेगवेगळा विचार करत होत्या. त्यांनी हातमिळवणी केली, सगळं सी प्लस प्लस भाषेत नव्यानं लिहिलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये पहिली आवृत्ती आली. मला या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो हा एकत्र येण्याचा निर्णय.

अॅटलास आणि सीएमएस हे सर्नमधले दोन प्रयोग एकमेकांचे निकाल पडताळतात, पण दोघंही हेच सॉफ्टवेअर वापरतात. म्हणजे त्यातली एक चूक दोन्हीकडे जाऊ शकते! म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती खऱ्या कणझोतांच्या मोजमापांशी ताडून पाहतात.

कर्करोगावरच्या किरणोपचारांच्या संशोधनातही आज हीच प्रणाली वापरतात.