कसोटी कुणाची, कागद कुणाच्या हाती?



कामगार संघटनेच्या माणसाने मानसशास्त्रावर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना विचित्र वाटेल. मी या विषयाचा पदवीधर नव्हे. जे थोडेफार वाचले ते वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. पण माणसाचे मन मोजण्याच्या कसोट्या आता कॉलेजच्या कपाटात राहिलेल्या नाहीत. त्या भरतीच्या टेबलावर येऊन बसल्या आहेत. आपल्या शेजारी भुसावळ आहे. रेल्वेत सहाय्यक लोको पायलट व्हायचे, तर मुलाला संगणकावर अभियोग्यता कसोटी द्यावी लागते, आणि तिच्या प्रत्येक भागात निदान ४२ टी-गुण पडावे लागतात. एका भागात ४१ पडले की बाकीच्या भागांतली हुशारी वाया गेली. हे शंभरापैकी ४२ नव्हेत. सरासरी ५० धरून त्या गटात आपण किती वर किंवा खाली आहोत, याचे ते माप आहे. किती बापांना हे कुणी समजावून सांगितले असेल?

गेल्या वर्षी मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी आमच्या कचेरीत आली. चटईच्या कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांवरचा ताण तिला मोजायचा होता. तिच्याजवळ एका इंग्रजी प्रश्नावलीची झेरॉक्स होती, तीही झेरॉक्सवरून काढलेली. खाली कर्त्याचे नाव नाही, गुण कसे द्यायचे ते नाही. मराठी भाषांतर तिचे तिनेच एका रात्रीत केलेले. "काका, खरी कसोटी मिळते कुठे?" असे तिने विचारले. प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधता शोधता आमचे दोन महिने गेले.

पहिला पत्ता सापडला तो शोधगंगेचा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेला हा प्रबंधांचा साठा कुणालाही फुकट वाचता येतो. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठापासून दूरदूरच्या विद्यापीठांपर्यंतचे प्रबंध त्यात आहेत. विद्यार्थी निष्कर्षाचे प्रकरण उघडतात. मी म्हणतो, आधी साधनांचे प्रकरण उघडा. कोणती कसोटी वापरली, कुणाची, कोणत्या साली केलेली, किती जणांवर ताडून पाहिलेली, हे तेथे लिहिलेले असते. कधी कधी परिशिष्टात प्रश्नावलीच छापलेली सापडते. मात्र छापलेली दिसली म्हणजे वापरायची परवानगी मिळाली, असे नव्हे. कर्त्याला पत्र लिहावे. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट लावताना आपण विचारतोच ना?

सगळ्याच कसोट्या कुलपात नाहीत. औदासीन्य चाचपणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली परवानगीशिवाय वापरता येते, आणि तिचे मराठी रूपही आहे. आग्र्याच्या नॅशनल सायकॉलॉजिकल कॉर्पोरेशनसारख्या प्रकाशकांकडे कसोट्या विकत मिळतात, पुस्तिकेसह. पण विकत मिळते म्हणून ती चांगलीच असते, असे थोडेच आहे! अमेरिकेत ऑस्कर ब्यूरोस नावाच्या गृहस्थाने १९३८ साली कसोट्यांची परीक्षा करणारे वार्षिक काढले. ग्राहकांसाठी मालाची तपासणी करणाऱ्या चळवळीवरून त्याला ती कल्पना सुचली होती. हा माणूस मला आपल्यातला वाटतो. त्याचे काम नेब्रास्का विद्यापीठात आजही चालू आहे.

आता जवळचे पाहू. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी पहिली कसोटी केली, ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बदलून घेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६९ साली वेक्स्लरच्या मुलांच्या कसोटीचे भारतीय रूप केले. म्हणजे आपल्या भाषेतली मुले समोर बसवून काम झालेले आहे. अडचण निराळीच आहे. कामतांच्या वेळच्या मुलांवरून काढलेली प्रमाणके आजच्या मुलाला लावली, तर येणारा आकडा खरा कसा मानायचा? पिढ्या बदलतात तसे गुण सरकतात, हे जगभर दिसून आले आहे. म्हणून विद्यार्थ्याने कसोटीचे नाव विचारावे आणि लगेच तिचे साल विचारावे.

भाषेचेही तसेच. इकडे आपण घरात लेवा बोली बोलतो, धुळ्याकडे अहिराणी. "मला वारंवार निराश वाटते" हे वाक्य रात्रपाळीच्या माणसापुढे ठेवले, तर तो 'नाही' वर खूण करतो. त्यालाच विचारा, "कामात जीव लागतो का? डोके भणभणते का?" मग तो बोलू लागतो. भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या जाणकाराकडून परत मूळ भाषेत करवून ताडून पाहावे, ही रीत याचसाठी आहे. याच असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. छापील शब्दांची कसोटी त्यांच्यापुढे ठेवली असती, तर हाती काय लागले असते? आणि २०१८ पासून विद्यापीठाला नाव त्यांचे आहे.

त्या मुलीचे काम सुरू झाले तेव्हा एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने तिला खुशाल सांगितले, "उत्तरांचे कागद नावांसह आमच्याकडे द्या." आम्ही तेथे अडून बसलो. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक, असे ठरले तेव्हाच कामगारांनी पेन हातात घेतले.

हा झगडा नवा नाही. अमेरिकेत डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीच्या मन्रो येथील केंद्रात दहा कामगारांनी वरच्या जागेसाठी अभियोग्यता कसोटी दिली. एकही उत्तीर्ण ठरला नाही, आणि जागा बाहेरून भरल्या. संघटनेने कसोटी, उत्तरपत्रिका आणि गुण मागितले. कंपनीने कसोटीमागच्या संशोधनाचे अहवाल दिले, पण कसोटी दिली नाही. १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कसोटी संघटनेच्या हाती द्यावी लागणार नाही, आणि नावासहित गुण कामगाराच्या संमतीवाचून देणे नाही.

मी संघटनेचा माणूस, तरी सांगतो, की त्या निकालातले निम्मे मला पटते. प्रश्न बाहेर फुटले की कसोटी मेली. मग ज्याच्या ओळखीत कागद आहे तो पहिला येतो. गुणांवर हक्क ज्याचा त्याचा. पण कसोटी त्या कामाशी खरोखर जुळते की नाही, याचा अभ्यास मात्र उघडा असलाच पाहिजे, आणि तो तपासायला आपल्या पसंतीचा मानसशास्त्रज्ञ नेता आला पाहिजे. तिथल्या कंपनीने तर जो कामगार संमतीची सही देईल त्याचे गुण देण्याची तयारी दाखविली होती. संघटनेने त्या सह्या मागण्याचे नाकारले. हे मला समजत नाही. दहा माणसांकडे जाऊन, समजावून सांगून, दहा सह्या आणणे हे तर संघटनेचे रोजचे काम.