समुद्रतळावरच्या केबली आणि आपले जहाज

परदेशातल्या नातेवाइकांशी आपण व्हिडिओवर बोलतो, ते बोलणे उपग्रहावरून जाते असा समज अजून आहे. प्रत्यक्षात खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून अधिक डेटा समुद्रतळावरच्या ऑप्टिकल फायबर केबलींतून वाहतो. खोल समुद्रात ही केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू, त्यांभोवती पोलादी तारा, तांबे आणि वरून प्लॅस्टिकचे वेष्टण. एवढ्या नाजूक वस्तूवर बँका, रुग्णालये, विमानसेवा विसंबून असतील, तर ती तुटल्यावर जोडायची सोय आपल्या हाती हवी, असे माझे म्हणणे आहे.

केबली तुटणारच. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुतेक मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळे. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात टोंगाची जगाशी जोडणारी एकमेव केबल तुटली; मुख्य बेटावरची सेवा पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. दुरुस्ती होते ती खास जहाजावरच. गळ टाकून केबलचे टोक वर ओढायचे, एकेक तंतू वितळवून सांधायचा, चाचणी करायची आणि पुन्हा तळाशी सोडायचे. भारतीय ध्वजाची अशी जहाजे हवीत, हा मुद्दा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये मांडला. त्यातच मुंबईतल्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या लहानशा पट्ट्यातच किनाऱ्याला लागतात. एका अपघातात अनेक केबली सापडण्याचा धोका तिथे उघड आहे.

यावर कुणी म्हणेल, उपग्रह आहेत की! अडीअडचणीला ते उपयोगी पडतात, टोंगातही पडले. पण एक आधुनिक केबल सेकंदाला शेकडो टेराबिट वाहून नेते. तो भार उपग्रहांना पेलणार नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. जहाज बराच काळ बंदरात उभे राहील, हे खरे. पण अग्निशमन दलाचा बंबही रोज धावत नाही, म्हणून कुठली नगरपालिका तो विकत नाही. शिवाय श्रीलंका, मालदीव या शेजाऱ्यांसह खर्च वाटून घेता येईल.

म्हणून सरकारने आणि कंपन्यांनी दोन गोष्टी आधी कराव्यात: दुरुस्तीचे जहाज घ्यावे आणि नव्या केबली वर्सोव्यापासून दूर, वेगवेगळ्या ठिकाणी उतरवाव्यात. मच्छीमार बांधवांना केबलींचे मार्ग दाखवणारे नकाशे मराठीत मिळावेत. हे काम पुढच्या बिघाडाआधीच व्हायला हवे.