सिलोनच्या चहामळ्यांतील बेवारस माणसे



सिलोन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अनुराधपूरचा बोधिवृक्ष उभा राहतो. १९५० साली बाबासाहेब कँडी येथील बौद्ध परिषदेस गेले होते, हेही आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्याच डोंगराळ मुलखात चहा खुडणाऱ्या माणसांची हकीकत आपल्या घरांत फारशी पोहोचलेली नाही.

ही माणसे तमिळ मुलखातली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी त्यांना प्रथम कॉफीसाठी व पुढे चहासाठी नेले. त्यांचा मुकादम, ज्यास तिकडे कंगाणी म्हणत, तो उचल देई आणि त्या कर्जाने माणूस बांधला जाई. त्यांत पळ्ळर, परैयर, चक्किलियर या अस्पृश्य जातींचे लोक पुष्कळ होते. समुद्र ओलांडला, पण जात मळ्यावरच्या चाळींतही त्यांच्या मागोमाग गेली.

१९४७ च्या निवडणुकीत या मजुरांच्या सिलोन इंडियन काँग्रेसने ७ जागा जिंकल्या. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. बाप सिलोनात जन्मला होता, नाहीतर आजा व पणजा दोघेही तेथेच जन्मले होते, हे सिद्ध करा! आईचा जन्म हिशेबातच नाही. मळ्याच्या चाळीत जन्मलेल्याच्या आज्याचा दाखला कोणी जपून ठेवला होता? दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या आपणांस हे निराळे समजावून सांगावयास नको. १९४९ साली त्यांचे मतही गेले. पुढे नोंदणीसाठी सुमारे ८ लाख लोकांचे अर्ज झाले. नागरिकत्व मिळाले ते जेमतेम १ लाख ३४ हजारांना.

हे राज्य बौद्ध बहुमताचे होते. सांगताना संकोच वाटतो, पण झाकून ठेवणे अधिक वाईट. सिंहली समाजातल्याच डाव्या पक्षांच्या सभासदांनी या कायद्यास विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे.

१९६४ साली शास्त्री व सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहू! १९७४ साली तीही निम्मी-निम्मी वाटली. शेतीच्या वाटणीतसुद्धा भावांना समोर बसवितात. येथे मजुरांचे मत न घेताच वाटणी झाली. ज्या मुलांनी भारत कधी पाहिला नव्हता, ती तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरमला उतरली. त्यांतल्या कित्येकांच्या हाती निलगिरीत पुन्हा चहाचीच टोपली आली.

मागे राहिलेल्यांचा प्रश्न कायद्याने निकालात निघाला तो २००३ साली. म्हणजे मत काढून घेतल्यास ५४ वर्षे लोटली होती. आज ते श्रीलंकेचे नागरिक आहेत, मत देतात, त्यांच्यातून मंत्रीही झाले आहेत. राहत्या खोलीखालची जमीन मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर अजून नाही.