सेवा करणाऱ्याचीही विचारपूस व्हावी
(भजनानंतर केलेले निवेदन)



स्मृतिभ्रंश झालेल्या यजमानांचं सारं करणाऱ्या एका काकू मला म्हणाल्या, "मी कसली केअरर? मी तर त्यांची बायको." पण इथला कायदा त्यांना केअररच मानतो. इंग्लंडमध्ये 'केअर अ‍ॅक्ट २०१४'नुसार काउन्सिलकडे 'केअरर्स असेसमेंट' मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात तुमची झोप, तब्येत, थकवा यांची चौकशी होते. त्यासाठी उत्पन्न पाहत नाहीत. "मला विश्रांती हवी," असं तिथे मोकळेपणानं सांगा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा. जीपीकडेही केअरर म्हणून नाव नोंदवा.

पेन्शनचं वय झालेल्या ज्यांना आजारपणामुळे आंघोळ, कपडे यांसाठी सहा महिन्यांपासून मदत लागते, त्यांनी अटेंडन्स अलाउन्सचा अर्ज करावा. बचत कितीही असली तरी चालते.

मागायला संकोच वाटतो, हे मी जाणते. पण ही भीक नव्हे. आपणच अंथरुणाला खिळलो, तर त्यांचं कोण करणार?

फॉर्म भरायला आम्ही मदत करू. ज्यांना जमेल त्यांनी अशा एखाद्या घरी सोबतीला आठवड्याचे दोन तास द्यावेत. आरतीनंतर माझ्याकडे नाव द्या.