सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

मागच्या कार्यक्रमानंतर एका तरुण श्रोत्याचा फोन आला. म्हणाला, "काका, टेस्ट रिपोर्टवर सही माझी असते, पण निर्णय मॅनेजरचा. उद्या काही निघालंच, तर कंपनी बघून घेईल ना?" हा प्रश्न इथल्या बऱ्याच घरांतला आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या आठवतात? त्यांत असं सॉफ्टवेअर होतं, की चाचणी चालू असेपर्यंत गाडी नियमात वागायची आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या कितीतरी पट विषारी वायू सोडायची. २०१५ मध्ये हे उघडकीला आलं. कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला, २८० कोटी डॉलरचा फौजदारी दंड भरायचं मान्य केलं. पण तेवढ्यावर भागलं नाही.

जेम्स लियांग हे कॅलिफोर्नियातले कंपनीचे इंजिनियर. त्यांनी गुन्हा कबूल केला, तपासात मदतही केली. ते या कटाचे सूत्रधार नव्हते, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. सरकारी वकिलांनी तीन वर्षांची शिक्षा मागितली होती. डेट्रॉईटच्या न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिली ४० महिन्यांची, वर दोन लाख डॉलर दंड.

यातून काय घ्यायचं? प्रामाणिक चूक वेगळी. पण खोटं आहे हे माहीत असून सही केली, तर "साहेबांनी सांगितलं होतं" हा बचाव होत नाही. कंपनी दंड भरते. तुरुंगात मात्र माणूसच जातो. आपण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलो, तर शिक्षेपाठोपाठ हा देशही सोडावा लागू शकतो.

आणखी एक. चौकशी सुरू झाली की कंपनीचे वकील गोड बोलून माहिती विचारतात. ते वकील कंपनीचे असतात, तुमचे नव्हेत. तुम्ही सांगितलेलं सरकारला द्यायचं की नाही, हे कंपनी ठरवते. तेव्हा आधी स्वतःचा वकील गाठा. खोटं सांगू नका, ईमेल पुसू नका. तो आणखी एक गुन्हा होतो.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "शंका असेल तर सहीच्या आधी लेखी कळव, आणि पटत नसेल तर सही करू नकोस. नोकरी दुसरी मिळेल रे."

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.